भीतीचं पाणी

१

बुधवारी सकाळी चष्मेवालीने प्रयोगखोलीचं दार उघडलं आणि तिला वाटलं, चोरी झाली. दोन्ही रांगांतल्या काचेच्या कुंड्या रिकाम्या होत्या. पाणी होतं, शेवाळ धरलेले दगड होते, वरच्या नळ्यांतून समुद्राचं पाणी रोजच्यासारखं खळखळत पडत होतं. गोगलगायी मात्र एकही नव्हती. मग तिच्या मानेवर गार काहीतरी टपकलं आणि तिने वर पाहिलं.

सगळ्या वर होत्या. भिंतींवर, खिडकीच्या चौकटीवर, दिव्याच्या तारेवर. छताच्या कोपऱ्यात तर एकमेकींच्या पाठीवर बसून अशा दाटल्या होत्या की कोपऱ्याचा कोपरेपणाच गेला होता. पाण्यात जन्म काढणारा जीव पाण्यापासून जितकं लांब जाता येईल तितका लांब गेला होता.

तसं चढणं त्यांना नवीन नव्हतं. त्या कातळकाठच्या संशोधन केंद्रात कामच ते चालायचं. डाव्या रांगेला साधं पाणी, उजव्या रांगेला खेकड्याच्या पेटीतून काढलेलं पाणी. ह्या दुसऱ्याला तिथे सगळे 'भीतीचं पाणी' म्हणायचे. खेकडा गोगलगायी फोडून खातो, म्हणून त्याचा वास लागला की त्या काठावर चढून बसतात. खेकडा दिसायला नको, नुसता पाण्यातला वास पुरे. पण चढायच्या त्या उजवीकडच्या. डावीकडच्या खाली बसून निवांत चरायच्या. आज डाव्या-उजव्या सगळ्याच जीव घेऊन पळाल्या होत्या.

चष्मेवालीने तिच्यासोबत संशोधन करणाऱ्या बारकीला हाक मारली. गोगलगायींचं काहीही बिनसलं की सगळ्यांत आधी बारकीच धावत यायची. आज ती आली नाही. तिच्या खोलीतल्या पलंगावरच्या चादरीची घडीही मोडलेली नव्हती. दुपार व्हायच्या आत पोलिसांना टोकाच्या खडकावर तिचे रबरी बूट सापडले. कोणी दाराबाहेर काढून ठेवावेत तसे ते एकाशेजारी एक ठेवलेले होते आणि खाली समुद्र उसळत होता.

२

बारकीची थोरली बहीण पुढल्या गाडीने येऊन हजर झाली. तिला सगळे ताईच म्हणायचे, वयाने मोठे असलेलेसुद्धा. ताईचा धंदा जगावेगळा होता. जळलेल्या घरांतून आणि गोदामांतून फिरून आग कुठे लागली, कशी लागली आणि लावली असेल तर कोणी लावली, हे ती शोधायची. आग विझवायला गाव धावतं, विझल्यावर राखेत बसायला ताई एकटी. इतकी वर्षं धुरात काढून तिचं नाक कामातून गेलं होतं. दूध उतू गेलेलं तिला डोळ्यांनीच कळायचं.

निघताना आईने एवढंच म्हटलं होतं, "घेऊन ये तिला." आणि ताई "आणते" म्हणून बसली होती. जिवंत की कशी, हे दोघींपैकी कोणीच बोललं नव्हतं.

केंद्राच्या प्रमुखांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे. त्यांनी ताईला स्वतः खुर्ची ओढून दिली. आवाज मऊ, बूट लखलखीत. समुद्राला इतका चिकटून बसलेला माणूस, पण त्याच्या बुटांवर मिठाचा एक डाग नव्हता. बाहेरच्या बोळात त्यांचा तरुणपणीचा फोटो आणि शेजारी चौकटीत एक तक्ता होता. 'खेकड्याचा गंध आणि गोगलगायींचे पलायन.' ह्या एका शोधावर केंद्र उभं राहिलं होतं, असं फौजदाराने ताईला येता येताच ऐकवलं होतं.

"खचली होती हो पोर," सर म्हणाले. "काम मनासारखं होत नव्हतं. मी समजावलं, पण माणूस ऐकेल तर ना."

"आणि गोगलगायी?"

"ते कोडं सुटलं. छतावरच्या टाकीत खेकडा शिरला होता. तिथूनच सगळ्या कुंड्यांना पाणी जातं. सकाळी फौजदारांच्या देखत बाहेर काढला, आणि दुपारपर्यंत सगळ्या शांत." त्यांनी टेबलाखालची बादली पायाने पुढे सरकवली. तळाशी एक हिरवट खेकडा नांग्या मिटून बसला होता. त्याच्या मागच्या पायाला निळा दोरा बांधलेला होता.

"टाकीत पाणी कुठून येतं?"

"खालच्या भुयारातून. कातळात खोदलेलं आहे, त्यात भरतीचं पाणी येतं आणि पंप ते वर ओढतो. एक पर्यटक आत घसरून पडला तेव्हापासून दाराला कुलूप असतं. सकाळी मी स्वतः उघडून, बॅटरी मारून पाहिलं. कोणी नाही."

"साहेबांनी पाहिलंय, ताई," दारात उभ्या फौजदारानेही मान हलवली. "आमची माणसं टोकाकडे शोधतायत. उद्या दुपारी उधाणाची भरती आहे. ती येऊन गेली की मग..."

ताईने बूट मागितले. मांडीवर घेऊन उजव्यात हात घातला, मग डाव्यात. डाव्या बुटाच्या टोकापर्यंत बोटं नेली आणि तिथेच थांबवली.

बारकीचं डावं पाऊल जन्मापासून लहान होतं. शाळेच्या पहिल्या बुटापासून आई त्यात चिंधीचा बोळा कोंबायची आणि बारकीने ती सवय आजवर सोडली नव्हती. बोळ्याशिवाय ती चार पावलं चालली की बूट मागे राहायचा नि ती पुढे. ह्या बुटात बोळा नव्हता. आत बोळ्याचा एक धागासुद्धा नव्हता. तळ कोरे करकरीत होते.

"हे तिचे बूट नाहीत," ताई म्हणाली. "ह्यात तिने कधी पायच घातलेला नाही."

३

फौजदाराला ते फारसं पटलं नाही. बोळा काढून टाकला असेल, नवीन जोड घेतला असेल, असं तो म्हणत राहिला. भांडारात त्या मापाचे बूट डझनांनी पडलेत हेही त्यानेच सांगितलं. त्यातून दुसरा अर्थ निघतो हे त्याच्या गावी नव्हतं. ताईने वाद घातला नाही. राखेशी वाद घालून काही मिळत नाही हे ती कधीच शिकली होती. बूट कोणीतरी नेऊन ठेवले होते, म्हणजे बारकी त्या टोकाला गेलीच नव्हती. मग ती होती कुठे?

संध्याकाळी ती प्रयोगखोलीत गेली. चष्मेवाली दिवसभर छताखाली शिडी लावून एकेक गोगलगाय कुंडीत परत सोडत होती. तिचे डोळे सुजले होते.

"तुमचं नि बारकीचं वाजलं होतं म्हणे परवा?" ताईने सरळ विचारलं.

"वाजलं होतं." चष्मेवालीने नाक पुसलं. "ती म्हणत होती, लगेच सगळं जाहीर करू. मी म्हणत होते, सर निवृत्त होईपर्यंत थांबू. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? मग ती म्हणाली, तू थांब, मीच जाऊन सांगते त्यांना."

"काय सांगायचं होतं?"

चष्मेवाली उत्तर द्यायला तोंड उघडते न उघडते तोच तिची नजर ताईच्या खांद्यामागे गेली आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

ताई वळली. डाव्या रांगेत, साध्या पाण्यात, दगडाखालून एक गोगलगाय बाहेर आली होती. तिने शिंगं ताणली, क्षणभर काही ऐकावं तशी थबकली आणि काचेवर चढू लागली. तिच्यामागे दुसरी आली, मग शेजारच्या कुंडीतल्या. थोड्याच वेळात सगळ्या काचा खालून वर सरकताहेत असं वाटू लागलं. आवाज कसलाच नव्हता. एवढ्या मोठ्या पळापळीला काहीतरी आवाज असायला हवा होता, असं ताईला वाटलं.

"टाकीतला खेकडा तर काढला ना?" ती पुटपुटली.

"सर म्हणतात, वास मागे राहतो." पण चष्मेवालीच्या आवाजात दम नव्हता.

खिडकीबाहेर ओहोटी पार खाली गेली होती. दुपारी पाण्याखाली असणारे काळे कातळ उघडे पडून चकाकत होते. ताईने ते पाहिलं, पण अजून त्याचा कशाशी मेळ बसत नव्हता.

तिने खोलीभर नजर फिरवली. मागच्या भिंतीशी खेकड्यांच्या पेट्या होत्या. प्रत्येकीत एक खेकडा, कोणाच्या पायाला तांबडा दोरा, कोणाच्या निळा. शेवटच्या पेटीवर फडकं टाकलेलं होतं. ताईने ते उचललं. पेटी रिकामी होती.

"हा कुठे गेला?"

चष्मेवालीचा चेहरा पांढराफटक पडला. ती खोलीबाहेर पळाली आणि तिच्या खोलीची कडी आतून लागल्याचा आवाज आला.

४

पंपघर भुयाराच्या डोक्यावरच होतं. पंपाचा खडखडाट असा की आत शिरलं की स्वतःचा विचारसुद्धा ओरडून करावा लागे. पंपवाले काका कानात कापूस घालून तेलाच्या डब्यावर बसले होते. बारकीने त्यांच्याविरुद्ध तक्रार केल्याचं फौजदाराने ताईला सांगितलं होतं, तेही अगदी हळूच, गुपित सांगावं तसं.

"केली होती की!" काका ओरडले. "पंप बंद ठेवून झोपलो म्हणून. झोपलोच होतो. पोरगी खरं बोलली. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी चहा घेऊन आली नि म्हणाली, काका, राग धरू नका, गोगलगायी गुदमरतात. तिच्यावर कोण राग धरणार हो?" त्यांनी डोळे पुसले, की तेलकट हात तोंडावरून फिरवला, ते कळलं नाही.

"भुयारात तुम्ही उतरलात का काल-परवा?"

"किल्ली सरांकडे. दार कातळाच्या पायथ्याशी, ओहोटीलाच पायऱ्या मोकळ्या होतात. मला उतरायची गरजच काय? माझा पंप इथे." मग काही आठवून त्यांनी कोपऱ्यातलं घमेलं पुढे ओढलं. "हे बघा मात्र. नळाच्या जाळीत असलं कधी अडकत नाही. सकाळी एकदा तुंबली, आता पुन्हा."

घमेल्यात शंखांचा चुरा होता, ओला, काळा-पांढरा, मधूनच मांसाचे फिकट धागे. ताईने मूठभर उचलून दिव्याखाली धरला. काय कशाने मोडलंय हे ओळखण्यात तिची हयात गेली होती. तापून तडकलेली काच वेगळी आणि दगड बसून फुटलेली वेगळी.

"खेकडा फोडतो त्या गोगलगायी अशाच दिसतात का?"

"छे! तो तोंडाच्या कडेने कुरतडत कुरतडत उघडतो. वरचा पीळ तसाच राहतो. पोरींनी शंभरदा दाखवलंय मला." काकांनी चुरा बोटाने चाळला. पीळ एकाचाही शाबूत नव्हता. "लाटेने आपटून फुटल्या असतील."

"लाटेने? ओहोटीला?"

काकांनी बोट मागे घेतलं. ओहोटीला भुयारात लाट येत नाही, पाणी नुसतं गुडघाभर उभं असतं, हे त्यांना तिच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

ताई बाहेर आली तेव्हा सरांच्या खोलीत दिवा होता. खिडकीपाशी उभे राहून ते खाली पाहत होते. टोकाच्या खडकाकडे नव्हे, तर बरोबर त्यांच्या पायाखाली.

५

गुरुवारी पहाटे ताईला जाग आली ती सरांच्या आवाजाने. बोळात उभे राहून ते फौजदाराला सांगत होते, "या, बघा. सगळ्या शांत. म्हटलं नव्हतं मी?"

ताई तशीच उठून प्रयोगखोलीत गेली. खरंच, कुंड्यांत शांतता होती. गोगलगायी दगडांवर बसून शेवाळ खात होत्या. दोन-तीन अर्ध्या काचेपर्यंत आल्या होत्या आणि त्याही आता खाली उतरत होत्या. बाहेर उजाडत होतं आणि ओहोटी कालच्यासारखीच पार खाली गेली होती.

फौजदाराने सुटकेचा श्वास सोडला. सरांनीही. ताईला मात्र ती शांतता खटकली, आणि का ते तिला पहिल्यांदा कळेना.

काल पहाटे ओहोटी होती, गोगलगायी चढल्या. दुपारी भरती, शांत झाल्या. संध्याकाळी ओहोटी, पुन्हा चढल्या, आणि जाळीत चुरा. आज ओहोटी आहे आणि...

तिने चष्मेवालीचं दार दोन्ही मुठींनी बडवलं.

"उघड! तुला कोणी काही करत नाही. मला फक्त सांग, निळा दोरा म्हणजे काय?"

दार उघडलं. चष्मेवाली रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. "मी नाही नेला तो," ती एका दमात म्हणाली. "पेट्या माझ्या ताब्यात असतात. एक कमी दिसला आणि मला वाटलं, टाकीत सापडलेला तोच निघाला तर माझ्यावरच शेकेल. म्हणून फडकं टाकलं."

"निळा दोरा म्हणजे काय?"

"उपाशी. आठवडाभर काही न खाल्लेला. तांबडा दोरा म्हणजे गोगलगायी खाऊन पोट भरलेला."

"आणि उपाशी खेकडा जास्त भीतिदायक असणार, नाही का?"

"तेच तर! सगळ्यांना तसं वाटतं." घाबरलेल्या त्या पोरीच्या डोळ्यांत क्षणभर वेगळंच काही चमकलं. "उपाशी खेकड्याला त्या भीतच नाहीत. त्याच्या पाण्यात खुशाल चरतात. त्या खेकड्याला भीत नाहीतच, ताई. त्याच्या पोटातून पाण्यात उतरलेला आपल्याच मेलेल्या बहिणींचा वास त्यांना कळतो. खेकडा नसला नि नुसती एक गोगलगाय दगडाने चिरडून पाण्यात टाकली, तरी बाकीच्या छतापर्यंत पळतात. हेच बारकीने शोधलं. सरांचा तक्ता चुकीचा आहे. हेच सांगायला ती मंगळवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गेली होती."

ताई भिंतीला टेकली. ज्या खेकड्याला गोगलगायी भीतच नाहीत, तो टाकीत सापडला होता. चिरडलेल्या गोगलगायींचा चुरा भुयाराच्या जाळीत अडकला होता, तोही ओहोटीलाच, जेव्हा कोणी उंचावरून खाली उतरून भुयाराच्या कातळाला चिकटलेल्या गोगलगायी वेचू शकेल. गोगलगायी चिरडल्या की ह्या खोलीत काय होतं, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं आणि त्यातली एक तिच्यासमोर उभी होती.

काखेत कळसा नि गावाला वळसा. सगळं गाव टोकाच्या खडकाशी गळ टाकून बसलं होतं, आणि बारकी दोन दिवस त्यांच्या पायाखालून, एवढा एकच मार्ग उरला होता म्हणून, हाका मारत होती.

आणि आज त्या हाका थांबल्या होत्या.

६

"भुयाराची किल्ली द्या," ताई म्हणाली.

सर बोळात आपल्याच तक्त्याखाली उभे होते. "मी सांगितलं ना, तिथे मी पाहिलंय."

"म्हणूनच तुमच्याकडे मागतेय."

फौजदार मध्ये पडला. "ताई, साहेबांवर उगाच..."

"दुपारी उधाण आहे असं तुम्हीच म्हणालात. भुयारात छतापर्यंत पाणी जाईल. म्हणून मी भरभर बोलते, तुम्ही भरभर ऐका." ती बोळाच्या मधोमध उभी राहिली. "टाकीतला खेकडा आपणहून शिरलेला नाही. पायाला दोरा आहे, म्हणजे पेटीतून नेलेला. गोगलगायी का चढल्या ह्याला कारण दाखवायचं म्हणून कोणीतरी नेला. काकांनी? काकांना गोगलगायी चढल्या काय नि उतरल्या काय, त्यांना पंपाशी मतलब. ह्या पोरीने? तिला आधीपासून ठाऊक आहे की निळ्या दोऱ्याच्या खेकड्याला कोणी भीत नाही. तिने तांबडा उचलला असता. हात घालून मिळेल तो खेकडा टाकीत सोडायचा आणि आता सगळ्यांना पटेल असं समजायचं, हे एकच माणूस करू शकतो. कुठलाही खेकडा चालतो, असं ज्याला मनापासून वाटतं तो."

तिने तक्त्याकडे बोट दाखवलं नाही. गरजच नव्हती. फौजदाराने आपणच मान वर करून तो वाचला.

"सर, तुमचा शोध खरा असता तर मी फसले असते," ताई म्हणाली. "ती तुम्हाला सांगत होती, पटवत होती. तुम्ही तेवढं ऐकून घेतलं असतंत तरी आज सुटला असतात."

खालून पंपाची धडधड येत होती. मग सरांनी खिशातून किल्ली काढली. ती दोन दिवस अंगावरच होती.

"मी दार नुसतं लोटलं होतं," ते म्हणाले. आवाज तसाच मऊ होता, आणि त्यामुळेच ऐकवत नव्हता. "ती मला दाखवायला घेऊन गेली. तिथेच, माझ्यासमोर, चिरडून दाखवायला. मी बाहेर आलो, दार लोटलं, कुलूप लावलं. म्हटलं, तासभर बसू दे, डोकं थंड होईल. तासाने उघडणारच होतो."

"मग?"

"मग तास उलटून गेला. आता उघडलं तर ती सगळ्यांना सांगेल, असं वाटलं. दर तासाला वाटत गेलं."

ताईने पुढचं ऐकलं नाही. किल्ली हिसकावून, फौजदाराची बॅटरी उचलून ती धावत सुटली, मागून काका पहार घेऊन आणि चष्मेवाली. फौजदार सरांचा दंड धरून तिथेच थांबला.

पायऱ्यांवर पाणी चढायला लागलं होतं. खालच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या आणि दारापाशी पोचेपर्यंत लाट कमरेला लागली. कुलूप निघालं, पण दार निघेना. बाहेरून पाणी त्याला आत दाबत होतं आणि ते उघडायचं बाहेर. काकांनी फटीत पहार घातली. तिघांनी मिळून रेटलं. लाट मागे सरली त्या क्षणाला दार करकरत हातभर उघडलं आणि ताई त्या फटीतून आत घुसली.

आत अंधार. पंपाची धडधड इथे कातळातूनच येत होती, जणू भुयारालाच छाती होती. ढवळलेल्या पाण्यातला शंखांचा चुरा तिच्या पोटाला चिकटत होता. तिने हाक मारली. उत्तर आलं नाही. बॅटरीचा झोत तिने भिंतीवरून फिरवला. हात पोचेल तिथपर्यंतचा कातळ खरवडून काढल्यासारखा बोडका होता आणि त्याच्यावरच्या पट्टीत गोगलगायींचा काळा थर, तोही हळूहळू वर सरकत होता. आणखी वर, छताला लागून एक अरुंद कोनाडा होता. तिथे गुडघे पोटाशी घेऊन बारकी बसली होती. पायांत जुने बूट, हातात दगड. बोटांची सालं निघालेली, ओठ पांढरे, डोळे उघडे.

ते डोळे हलेपर्यंत ताईने श्वास घेतला नाही.

"बारके."

"ताई?" आवाज कसला, नुसती घरघर.

ताईने तिला खाली ओढून घेतलं. पोर दगडासारखी गार होती आणि तितकीच जड, तरी ताईला वाटलं, आयुष्यात इतकं हलकं काही उचललं नव्हतं. काकांनी दार पाठीने धरून ठेवलं होतं. चष्मेवाली रडत रडत हात पुढे करत होती. वर उन्हात आल्यावर बारकीने ताईचा खांदा घट्ट धरला.

"आज सकाळी नाही जमलं गं," ती पुटपुटली. "संपल्या होत्या. हात पोचत होता तिथल्या सगळ्या मीच मारल्या. उरलेल्या माझ्यापासून वर पळाल्या. दोनच सापडल्या. मला वाटलं, आता वर कोणी चढणार नाही, कोणाला कळणार नाही." तिला हुंदका आला, पण डोळ्यांत पाणी उरलेलं नव्हतं. "मग तू आज कशी आलीस?"

"चढल्या नाहीत," ताई म्हणाली, "म्हणूनच आले."

मग तिने काकांनी पंपघरातून आणलेला कोरडा कोट घेतला, बारकीला त्यात गुंडाळलं आणि चष्मेवालीला आईला फोन लावायला सांगितलं.